कोरड्याची पाळी

चपला उलट्या होत्या. पालथ्या नव्हे, तोंड घराकडे करून. मंगळवारी पहाटे सहाला मी दार उघडलं, पाय पुढे टाकला आणि पायाला टाचेऐवजी अंगठ्याची बाजू लागली. एवढंच. एवढ्याशा गोष्टीवर कुणी थांबत नाही. मी मात्र ओट्यावर एका पायावर तसाच उभा राहिलो. एकतीस वर्षं बोटीवर इंजिनात काढलीत मी. तिथे चपला अशा काढायच्या की केव्हाही घंटा झाली तरी पाय सरळ आत गेला पाहिजे आणि माणूस दाराकडे गेला पाहिजे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, इथे कुवारबावला कसली घंटा आणि कसलं काय, पण माझ्या चपलांचं तोंड बाहेर असतं ते असतंच. सगुणा लग्न झाल्यापासून चिडवते, "कुठे पळायचंय हो तुम्हाला?" म्हणजे या चपला मी काढलेल्या नव्हत्या. डावीच्या पट्ट्याला मी घातलेली तांब्याची तार होती, त्यामुळे चपला माझ्याच होत्या. मी आत वळून विचारलं, "अगो, माझ्या चपलांना कुणी हात लावला?" ती चहाचं आधण ठेवत होती. "मला काय ठाऊक? मांजराने हलवल्या असतील." आता मांजर दोन्ही चपला जोडून, तोंड फिरवून, सरळ ठेवतं होय? मी बघत राहिलो. सगुणा खोटं बोलते तेव्हा पाठ करते. तिने पाठच केली होती. मग मी खुंटीवरचा स्वेटर घ्यायला गेलो, तर तो खुंटीवर नव्हता. कपाटात होता, दुकानातून आणल्यासारखी घडी करून. आमच्या घरात स्वेटरची अशी घडी कुणी घालत नाही. मनात पाल चुकचुकली ती तिथे.

आम्ही चौघं हिवाळ्यात खाणीत पोहतो. हातखंब्याच्या रस्त्याने थोडं वर गेलं की सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळावर, एक जुनी चिरेखाण आहे. चिरे काढून काढून भिंती उभ्या तासल्यासारख्या झाल्यात आणि खाली पावसाचं पाणी साचून राहिलंय, ते उन्हाळा सुरू होईपर्यंत आटत नाही. एका बाजूने ट्रक उतरायचा तो उतार आहे, तिथून पाण्यात शिरायचं. समुद्र सोडून खाणीत कसले पोहता, असं लोक विचारतात. त्यांना पौष महिन्यातलं ते पाणी ठाऊक नाही. समुद्र आपला सगळ्यांचा, कोमट, बोलका. खाणीचं पाणी तोंड मिटून असतं. भिंतीच्या सावलीत ऊन पोचत नाही, तिथे हात घातला की हाडाला कळतं. आणि म्हणून आमचे नियम आहेत. ते बहुतेक केरूने केलेले. केरू यष्टीत ड्रायव्हर होता, आयुष्यभर पन्नास माणसांचा जीव हातात घेऊन आंबा घाट उतरलेला माणूस. उडी मारायची नाही. आधी हात, तोंड, मान भिजवायची, मग छातीपर्यंत उतरून श्वास ठिकाणावर येईस्तोवर उभं राहायचं. वीस मिनिटं, त्यावर एक नाही. बाहेर आलं की आधी अंग पुसायचं, कपडे चढवायचे, मग आलं-गुळाचं पाणी. लगेच कढत पाण्याने आंघोळ नाही. कुडकुडणं थांबलं नाही तर काळजी नाही, कुडकुडायला यायला हवं तेव्हा आलं नाही तर काळजी. आणि सगळ्यात मोठा नियम कोरड्याचा. चौघांतला एक जण पाळीने काठावर कोरडा बसतो. त्याच्या हाती दोरी बांधलेली ट्रकची ट्यूब. पाण्यात जाणाऱ्यांनी चपला उताराच्या डोक्यावर ओळीने काढायच्या. कोरड्याने स्वतःच्या पायातल्या काढायच्या नाहीत. ओळीत जितके जोड तितकी माणसं पाण्यात, हा हिशेब. बाहेर येणाऱ्याला कोरडा विचारतो, "आज वार कोणता?" नीट उत्तर आलं तरच त्याने आपला जोड उचलायचा. हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही ही, गारठलेल्या माणसाला आपण गारठलोय हेच कळत नसतं. हे सगळं मीच नव्या माणसाला समजावून सांगायचो, बोटीवरचे दाखले देऊन.

तर त्या मंगळवारी कोरड्याची पाळी योगिनीची होती. योगिनी हायस्कुलात गणित शिकवते, पन्नाशीची आहे, नेमाला पक्की. मी पोचलो तेव्हा तिघंही आधीच येऊन उभी होती आणि बोलत होती, आणि मला बघून थांबली. माणसं बोलता बोलता थांबतात त्यात काही नाही, पण थांबून तिघांनी तीन दिशांना बघितलं. योगिनी म्हणाली, "काका, आज तुम्ही बसाल का कोरडे? मला शाळेत लवकर जायचंय, पोहून लगेच निघते." आता लवकर जायचं तर उलट कोरडं बसून सुटं होणं सोपं, नाही का? गणिताच्या बाईंना हे कळू नये? पण मी रविवारपासून अंग मोडून पडलो होतो, म्हटलं बसू. मी सवयीने चपला काढल्या आणि बाबूच्या जोडाशेजारी ठेवल्या. "काका, चपला!" बाबू ओरडला. बाबूचं नळाच्या सामानाचं दुकान आहे, माणूस इतका मऊ की गिऱ्हाइकावरही आवाज चढवत नाही. तो ओरडला. चेहरा पांढरा. मी म्हटलं, "अरे हो हो, विसरलो, त्यात एवढं काय?" आणि घातल्या परत. केरू पाण्यात उतरलाच नाही. सर्दी झालीय म्हणे. कानात कापूस घालून माझ्या उजव्या हाताला दगडावर बसून राहिला. "काय रे केरू, ड्रायव्हरला सर्दी?" असं मी विचारलं तर उत्तर नाही. पुन्हा विचारलं. तो पाण्याकडे बघत बसला होता, जसा मी तिथे नव्हतोच. पंचवीस वर्षांची मैत्री आहे, माझ्या ईशाच्या लग्नात हा माणूस तीन दिवस मांडवात राबला. असा अपमान? आजवर काठावर दोन माणसं कधी बसली नव्हती. पाण्यावर एक पुरतो. मग दुसरा कशावर होता?

गुरुवारी पाळी केरूची. "लवूदा, आज पन तूच बस," केरू मोठ्याने म्हणाला. इतक्या मोठ्याने की खाणीतून उलट आवाज आला. माझ्यावर ओरडतोस कशाला, म्हटलं. तर पुन्हा उत्तर नाही. शनिवारी पाळी खरोखरच माझी होती, त्याबद्दल तक्रार नाही. रविवारी बाबूची, आणि बाबू म्हणाला, "काका, माझं पोट..." आणि वाक्य अर्धं टाकून सरळ पाण्यात गेला. पोट बिघडलेला माणूस गार पाण्यात जातो? चार दिवस, चारही पाळ्या माझ्या. चार दिवस मी काठावर कोरडा, पायात चपला, हातात ट्यूब, आणि शेजारी केरू कानात कापूस घालून. ऊन हळूहळू समोरच्या भिंतीवरून खाली उतरायचं, तांबड्या चिऱ्याच्या कापलेल्या पायऱ्या एकेक उजळायच्या, आणि मला पाण्याचा वास यायचा, तो लोखंडी, ओल्या दगडाचा वास, आणि माझी कातडी पाण्यासाठी अक्षरशः दुखायची. मला ठेवलं होतं बाहेर. कुणीतरी ठरवून ठेवलं होतं. का, ते मला सांगायची कुणाची छाती नव्हती. आणि योगिनी! पोहून आली, केस पुसता पुसता सहज विचारावं तसं मला विचारते, "काका, आज वार कोणता हो?" मी कोरडा, प्रश्न विचारायचा मी, आणि ही मला विचारते! "रविवार! रविवार आहे आज! आणि पौष महिना! आणि तुमच्या सगळ्यांच्या डोक्यात काय शिजतंय तेही कळेल मला!" असं मी ओरडलो. ती ओशाळली. हातातला टॉवेल तिने घडी घालून पिशवीत ठेवला. घडी बघून मी चमकलो. कोपरे जुळवून, दुकानातल्यासारखी. माझ्या स्वेटरची घडी तीच होती.

म्हणजे माझा स्वेटर योगिनीच्या घरी गेला होता. कधी? रविवारी, मागच्या रविवारी, मी तो अंगात घालून खाणीवर गेलो होतो. हे नक्की, कारण त्या दिवशी वारा होता आणि सगुणाने तो माझ्या अंगात जवळजवळ कोंबला होता. मग मी घरी काय घालून आलो? मी दगडावरून उठलो आणि घराकडे चालू लागलो, आणि चालता चालता पहिल्यांदाच तो रविवार नीट डोळ्यांसमोर आणायचा म्हटलं. मान भिजवली. छातीपर्यंत उतरलो, बाबू काठावर ट्यूब घेऊन उभा, केरू नि योगिनी माझ्या पुढे. पाणी नेहमीपेक्षा गार, दात आपोआप आवळले गेले, मग श्वास ठिकाणावर आला. मजा येत होती. बाबूने वीस मिनिटांची शिट्टी मारली, योगिनी वळली. मी म्हटलं, अजून एक फेरी. हो, तोडला मी नियम, नाही म्हणत नाही. एकतीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला खाणीतलं डबकं काय करतंय? एक फेरी, मग आणखी एक, भिंतीच्या सावलीतून. तिथे पाण्याचा एक पट्टा असतो, पोटाला सुरी लावल्यासारखा. तो लागला. आणि मग दोन रजया, कुळथाच्या पिठल्याचा वास आणि कपाळावर सगुणाचा हात, खिडकीत दुपारचं ऊन. मध्ये? मी रस्त्यात थांबलो. मध्ये मी घरी आलो, ताप आला, झोपलो. पण हे मी मला सांगत होतो, आठवत नव्हतं. मी बाहेर कसा आलो? मला कुणी वार विचारला? मी काय सांगितलं? मी आठवायला जात होतो आणि हात रिकामाच परत येत होता. च्यायला, असं कसं होईल! इंजिनातला एकेक व्हॉल्व्ह मला आजही पाठ आहे. वळणावर सखूची चहाची टपरी. मला उभा बघून ती म्हणाली, "काय काका, बरां हाय ना आता? त्या रविवारी तसेच उघडे चाललेलात, नुसती ओली चड्डी. मी हाक मारली ती वळलात पन नाय." मी म्हटलं, "तू दुसऱ्या कुणाला तरी पाहिलंस." ती हसली. "तुमाला वळखत नाय होय मी?" मी चहा न घेता निघालो, पैसे मात्र ठेवले तिच्या बाकावर. ती म्हणाली, "अहो, चा घेतलात कुठे?" ते परत घ्यायलासुद्धा मी थांबलो नाही.

खरं सांगतो, घरी जाऊन मी एक नीच काम केलं. सगुणा मागीलदारी कपडे वाळत घालत होती आणि मी तिचा मोबाइल उघडला. केरू भावजी, केरू भावजी, केरू भावजी. त्या रविवारपासून नऊ वेळा. योगिनी मॅडम, चार. ईशा, रोज. ईशा मुंबईहून एरवी आठवड्यातून एकदा फोन करते आणि मला म्हणते, "पप्पा, आईला द्या." आता रोज मला विचारत होती, "पप्पा, काय जेवलात? सकाळी कोण भेटलं?" मला वाटलं होतं, पोरीला माया आली. माया कसली, उलटतपासणी चालली होती! आणि केरू, नऊ वेळा. या वयात मनात काय काय येतं, ते लिहायची लाज वाटते. आलं मात्र. क्षणभर आलं, आणि मी मोबाइल होता तसा ठेवला, आणि मग मला आठवलं की तो कसा होता, पालथा की उताणा, ते मी बघून ठेवलं नव्हतं. रात्रीच्या जेवणाला मी म्हटलं, "काय लपवताय तुम्ही सगळे?" "काही नाही हो." "मी काय केलंय?" ती ताटावरून उठली आणि पाठ करून म्हणाली, "भात वाढू?" मला माझे वडील आठवले. शेवटची दोन वर्षं ते मालगुंडच्या आमच्या घरासमोर उभे राहायचे आणि विचारायचे, "हे कुणाचं हो घर? पाणी मिळेल का?" आई त्यांना पाणी द्यायची. बाहेरच्या माणसाला देतात तसं, तांब्यावर भांडं ठेवून. मी ते बघितलंय. म्हणून मी घरात शंभरदा म्हटलं असेन, जेवताना, चेष्टेत, की माझं असं काही व्हायला लागलं तर मी खाणीत एक बुडी मारेन आणि तळाशी बसून राहीन, वर यायचा नाही. सगुणा म्हणायची, "शुभ बोला हो जरा." त्या रात्री मी काही म्हटलं नाही. पण पडल्या पडल्या ठरवलं. उद्या सोमवार. सोमवारी कुणी येत नाही. उद्या मी एकटा जाणार, वीस मिनिटं बरोबर मोजून पोहणार, बाहेर येणार आणि स्वतःलाच वार विचारणार. सोमवार. बस्. मला काहीही झालेलं नाही, हे मला कळलं की पुरे, मग त्यांच्या कटात त्यांना बसू दे.

पहाट पुरती फुटायच्या आत मी मागल्या दाराने निघालो. स्वेटर घातला, टॉवेल घेतला. सड्यावर दव पडून गवत ओलं झालं होतं, करवंदीच्या जाळ्या काळ्या दिसत होत्या. खाण कशी, तर श्वास धरून बसल्यासारखी. एकट्याने जायचं नाही हा पहिला नियम, तो मोडताना वाटलं होतं काहीतरी जाणवेल, पण काही जाणवलं नाही. उताराच्या डोक्यावर मी चपला काढल्या, तोंड बाहेर करून. स्वेटर दगडावर ठेवला. हात भिजवले, तोंड, मान. मग पायापायाने आत. गुडघा, मांडी, आणि बेंबीला पाणी लागलं तेव्हा तोंडातून आपोआप आवाज निघाला. छातीपर्यंत आलो आणि उताराच्या बाजूला भिंतीचा एक पुढे आलेला चिरा आहे, त्याला धरून उभा राहिलो. श्वास पिसाट झाला होता, वर वर, लहान लहान. थांब, थांब, मी त्याला म्हटलं. मोज. आणि मोजता मोजता मला भीती वाटली. आजवर या पाण्याची मला भीती वाटली नव्हती, पण आता ते पलीकडे सावलीत पसरलेलं बघून वाटलं, ते एक सकाळ गिळून बसलंय माझी आणि कबूल करत नाही. सगळ्यांवर संशय घेत घेत मी शेवटी पाण्यावर आलो होतो, आणि पाण्यानंतर राहिला होता एकच माणूस.

तेवढ्यात वर पावलं वाजली. कुणीतरी धावत येत होतं, दगडांवरून, घसरत. मी चिऱ्याच्या आडोशाला होतो, वरून दिसत नव्हतो. मला मात्र उताराचं डोकं दिसत होतं. केरू आला. अनवाणी. लुंगी वर खोचलेली, बनियन, कानात तो कापूस. तो माझ्या चपलांपाशी येऊन थांबला आणि त्याने खाली बघितलं. त्या तांब्याच्या तारेकडे. माणसाचा चेहरा असा होतो हे मी बोटीवरसुद्धा पाहिलं नव्हतं, आणि बोटीवर मी एक माणूस जळताना पाहिलाय. तो रडत नव्हता, ओरडत नव्हता, नुसतं तोंड उघडून "परत नको रं, परत नको, परत नको" म्हणत होता आणि बनियन अंगावरून ओढून काढत होता. "केरू!" मी हाक मारली. तो वळला नाही. "अरे केरू, मी इथे आहे!" त्याचा कापसाचा कान माझ्याकडे होता. त्याला ऐकूच येत नव्हतं. तेव्हा मला कळलं, आठवडाभर तो उत्तर देत नव्हता ते त्याला ऐकूच येत नसल्यामुळे. मी पाण्यावर जोरजोरात हात आपटले. तो उडी मारायच्या बेतात होता, उडी! नियम ज्याने केले तो! हात आपटलेले त्याला दिसले. तो बघत राहिला, मग मटकन खाली बसला आणि मला ज्या शिव्या त्याने दिल्या त्या यष्टीच्या डेपोतसुद्धा कुणी ऐकल्या नसतील.

मी वर आलो. त्याने टॉवेल माझ्या अंगावर फेकला आणि त्याने सांगायच्या आत मी अंग पुसलं, स्वेटर घातला, दात वाजत होते. "वैनींचा फोन आला," तो म्हणाला, अजून ओरडूनच. "हे घरात नायत, चपला नायत, धावा. चपला घालायला पन थांबलो नाय मी." "अरे पण मी नुसता पोहायला..." "आमाला काय म्हायती, मेल्या? तूच म्हणत असतोस ना, तळाला बसून राहीन!" मग त्याने सगळं सांगितलं, पाण्याकडे बघत, तुकड्या तुकड्याने. त्या रविवारी बाबू पाच मिनिटं करवंदीच्या मागे गेला होता. खरोखरच पोट बिघडलेलं. योगिनी निघून गेली होती. मी पाऊण तास पाण्यात होतो, केव्हा बाहेर आलो कुणी बघितलं नाही, वार कुणी विचारला नाही. मी बाहेर आलो आणि ओळीतल्या दोन जोडांपैकी केरूच्या चपला पायात घातल्या आणि चालायला लागलो. मला बोलवायला पलीकडच्या भिंतीपर्यंत गेलेला केरू परत आला, बघतो तर स्वेटर दगडावर, माझ्या चपला ओळीत; आपल्या तिथे नाहीत हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. "चपला हायत म्हंजे मानूस पान्यात हाय. नियमच तो. मीच केलेला." दोघांनी शोधलं. बाबूला बुडी मारता येत नाही, तो दोरी धरून रडत होता. केरू बुड्या मारत राहिला, तळापर्यंत, तीस फूट, पुन्हा पुन्हा, सात की आठ वेळा. कुठल्या तरी बुडीत कान फुटला, नाकातून रक्त आलं. तळाला हाताने चाचपलं त्याने. "तळाला एक लाकूड हाय, लवूदा. लांब, गुळगुळीत. अंधारात हाताला लागलां. माजी खात्री झाली तूच म्हनून." बाबूने योगिनीला फोन केला, योगिनीने सगुणाला. सगुणाने सांगितलं, हे तर घरी आहेत, ओट्यावर उभे आहेत, ओले, आणि मला विचारतायत, हे कुणाचं घर.

हे कुणाचं घर. मी विचारलं होतं. तिला. ती काय म्हणाली, पाणी दिलं का तिने मला तांब्यावर भांडं ठेवून, ते मला कधीच कळणार नाही आणि विचारायचं धाडस माझ्यात नाही. डॉक्टर येऊन गेले होते त्या दिवशी, तेही मला ठाऊक नव्हतं. गार पाण्याने या वयात कधीकधी काही तास डोकं असं कोरं होतं, पुष्कळदा परत होत नाही, कदाचित वडिलांचं ते नसेलही. पण तपासण्या होईस्तोवर पाण्यात जाऊ देऊ नका, असं ते म्हणाले. आणि सगुणा रडून सगळ्यांच्या पाया पडली की यांना सांगू नका, यांनी ऐकलं तर खाणीत जाऊन बसतील. म्हणून पाळ्या. म्हणून योगिनीने संध्याकाळी खाणीवर राहिलेला स्वेटर घडी करून, चपला धुऊन आणून ठेवल्या, पाहुणी माणसं ठेवतात तशा, तोंड आत करून. आठ दिवस मी ज्यांना कटात धरत होतो ते आठ दिवस माझ्याभोवती काठ धरून बसले होते. मी केरूच्या चांगल्या कानाच्या बाजूला जाऊन बसलो. "ऐकू येईल का रे परत?" "डॉक्टर म्हनतो, येईल थोडां थोडां. नाय आलां ती नाय आलां. यष्टीत इंजिनाजवळ बसून अर्धां गेलेलांच." मला खूप काही बोलायचं होतं. "मला लाज वाटते, केरू," एवढंच निघालं. त्याला ते ऐकू आलं की नाही, कळलं नाही. तो म्हणाला, "वार कोणता?" "सोमवार." "चल मग, वैनी वाट बघत हायत."

सगुणा ओट्यावर उभी होती. मी काही बोलायच्या आत तिने पाठ केली नाही, हे मी बघितलं. मी म्हटलं, "तपासणीला कधी जायचं?" ती म्हणाली, "बुधवारी, मुंबईला, ईशाकडे." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "आधी चहा घ्या, ओठ निळे झालेत." आणि आत गेल्यावर ती रडली. मीही रडलो, लपवू कशाला.

मंगळवारी मी सगळ्यांच्या आधी खाणीवर गेलो. केरूबरोबर, एकटा नव्हे. पाळी योगिनीची होती. ती काही बोलायच्या आधी मी म्हटलं, "आज मी कोरडा." बाबू माझ्याकडे बघेना, त्या पाच मिनिटांचं ओझं त्याच्या मानेवर अजून दिसत होतं. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, "बाबू, पोट साफ करून आलास ना?" तो आधी दचकला, मग इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. दोघं पाण्यात शिरली, हात, तोंड, मान, सगळं नियमाने. केरू माझ्या डाव्या हाताला बसला. ऊन भिंतीवरून पायरी पायरी उतरत होतं, आणि मला वास आला, तो लोखंडी, ओल्या दगडाचा, आणि कातडी दुखली, आधीसारखीच. ती दुखायची थांबेल असं मला वाटत नाही. मी ट्यूबची दोरी मनगटाला गुंडाळली आणि ओळ मोजली. बाबूचा जोड. योगिनीचा जोड. आणि त्यांच्याशेजारी, तोंड बाहेर करून, तांब्याच्या तारेचा जोड. तीन. केव्हा काढल्या मी, मला कळलं नव्हतं. पाय दगडावर गारठले होते आणि तेही कळलं नव्हतं. केरू बघत होता. मी उठलो, माझ्या चपला ओळीतून उचलल्या आणि पायात घातल्या. मग परत बसलो आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. दोन.